घर ओढताना

आमच्या बेटावर माणसं घर बदलत नाहीत,
घरच हलवतात. दारं-खिडक्यांसकट, धुराड्यासकट,
खाली ओंडके, पुढे बैलांच्या सहा जोड्या,
आणि वाटेत खाडी आली तर भरतीची वाट बघून
घर पाण्यात लोटतात, होड्यांना बांधून.
माझं जन्मघर असंच पोहत आलंय अचाओला.
आई सांगायची, फळीवरच्या वाटीतलं मीठसुद्धा सांडलं नाही.

म्हणून सर्व्हर बदलताना मी घाबरले नाही.
अकरा वर्षांचं लिहिलेलं होतं त्यात:
बटाट्यांच्या जाती, ओहोटीच्या वेळा,
कुणाची होडी कुठल्या रंगाची,
आणि ती कुठल्या साली परत आली नाही.
एक बटण दाबलं. घर निघालं.
पोचलं नाही.

जुन्या कंपनीनं दुकान बंद केलं होतं.
तसं पत्र पाठवलं होतं म्हणे,
ते जाहिरातींच्या ढिगात पडून राहिलं,
मी शेतात बटाटे काढत होते.

कास्त्रोहून भाचा आला, एलिसेर,
ओल धरलेल्या जुन्या लॅपटॉपची डिस्क काढून
तीन रात्री तिच्याशी झटत बसला.
फायली आल्या. नावं होती, तारखा होत्या,
आत शून्य बाइट.
समुद्रात गेलेल्यांसाठी आम्ही रिकामी पेटी पुरतो,
वर नाव नीट रंगवून. तशा.

ज्या उघडल्या त्यांत एक अक्षर मेलेलं.
आमच्या भाषेत मूल, वर्ष आणि उद्या
या तिन्ही शब्दांत ते येतं,
डोक्यावर इवलीशी लाट घेऊन.
प्रत्येक ठिकाणी आता प्रश्नचिन्ह.
मुलाच्या पोटात प्रश्नचिन्ह. वर्षाच्या.
उद्याच्या तर असायचंच.

मग बातमी फुटली, छोट्या बेटावर फुटते तशी.
डॉन रोसामेल भरतीचं कोष्टक घेऊन आला,
छापलेलं, घडीवर फाटलेलं, इंजिनच्या तेलानं पारदर्शक.
पुंता आरेनासच्या बेकरीतून ओनोफ्रेनं फोटो पाठवला,
त्याचे वडील गेले तेव्हा मी लिहिलं होतं, त्या पानाचा,
मोबाइलच्या पडद्यावरूनच टिपलेला.
वर कोपऱ्यात वेळ दिसत होती: तीन बारा.
बॅटरी नऊ टक्के.
लिहिताना मला कुठे माहीत होतं
कुणी हे रात्री तीन वाजता वाचेल.

आणि ओतिलिया.
कुंपणाच्या दीड हातावरून नऊ वर्षं अबोला.
दारात उभी राहिली, चार वह्या पुढे केल्या.
माझं सगळं तिनं हातानं उतरवून घेतलेलं,
केवळ चुका काढायला. समासात लाल शाई:
"ही होडी हिरवी नव्हती."
"हा बटाटा हिच्या आजीचा नाही, माझ्या आजीचा."
"खोटं." "खोटं." एका ठिकाणी, बारीक: "हे खरं."
कुठलं, ते मी सांगणार नाही.

घर ओढणाऱ्यांना जेवू घालायचं, हा रिवाज.
अंगणात खड्डा खणला, दगड तापवले,
शिंपले, डुकराचं मांस, बटाटे, वर रानपानांचं झाकण.
ओतिलिया पहिल्याच घासाला म्हणाली, मीठ कमी आहे.
नऊ वर्षांतलं पहिलं वाक्य.

दोन हजार चौदाचा हिवाळा मिळाला नाही.
एलिसेर म्हणतो, आठवून लिही, मावशी, कोण विचारतंय?
मी ती जागा मोकळी ठेवलीय, नुसती तारीख टाकून.
बाकीचं रोज थोडं टाइप करते,
लाल शाईसकट.

रात्री फळीवर ती वाटी दिसते.
इतकं पाणी, इतके बैल, दोर,
आणि मीठ सांडलं नाही?
सांडलंच असणार.
आईनं मुकाट्यानं पुन्हा भरून ठेवलं असेल,
आम्ही झोपल्यावर.