निष्काळजी

घुणकीकर वकील म्हणाले,
हलगर्जी सिद्ध करायची तर कागद पाहिजे.
मोडलेल्या पायानं नुकसान दिसतं,
चूक कुणाची ते नाही.

मग कागद आले.
टोलच्या पावत्या : कृष्णगिरी, हुबळी, कोगनोळी.
वेळा जोडल्या, एकतीस तास.
मधे झोपेची एकही पावती नाही.

ब्रेक-ड्रमचा फोटो आला. मी मोल्डर माणूस,
शिरोलीच्या भट्टीवर बावीस वर्षं काढलेली.
ताजं मोडलेलं बीड राखी दिसतं,
ही चीर तपकिरी होती, कधीचीच.
सांगितलं तर लिहून घेतलं नाही.
अर्जदाराचं मत चालत नाही म्हणे.

बावड्याच्या कोर्टात साक्षीला उभा राहिला
इस्माईल नदाफ.
ट्रक निष्काळजीपणे चालवत होतास?
बराच वेळ गप्प.
मग म्हणाला, काळजीच होती साहेब.
माल पोचायची, कापल्या जाणाऱ्या पगाराची,
आणि ब्रेकचं तर मालकाला तीनदा सांगितलेलं.

मालक आला नव्हता.
त्याच्या वकिलानं तारीख मागून घेतली.

जिना उतरताना माझी कुबडी घसरली.
दंडाला धरलं ते नदाफनंच.
हे कुठल्या कागदात बसतं,
घुणकीकरांना विचारायचं राहून गेलं.