पेल्यातले दाणे

गेल्या चैत्रात पाटलीण व्याली
आणि नवव्या दिवशी गव्हाणीकडे पाठ करून उभी राहिली.
तोंडाला गोडसर वास,
पोत्यात राहून गेलेल्या बोरांचा.
वळसंगहून डॉक्टर आले मोटारसायकलवर.
सलाईनची बाटली उंच धरून मी उभी,
हात भरून आला तरी उभी.
ते म्हणाले, अंगातली चरबी लिव्हरवर चढली,
पुढच्या खेपेला विण्याआधीच बघा.
'पुढची खेप' मी कॅलेंडरवर लिहून ठेवली,
दुधाच्या हिशेबाखाली, पेन्सिलीनं.

मंगळवार पेठेत इरण्णानं गल्ल्यावर तीन पिशव्या मांडल्या.
एकीवर बैलाचा फोटो.
"हीच न्या वैनी, सगळी जीवनसत्त्वं हायती यात."
म्हटलं, बैल कधीपासून दूध द्यायला लागला?
मग विचारलं,
यातलं किती कोटीपोट ओलांडून पुढं जातं?
तो चष्मा पुसत बसला.
"साधं कोलीन तिथंच संपतंय," शेवटी म्हणाला,
"बारीक जीवांची पंगत बसल्याली असती आत,
गाईच्या आधी त्येच जेवत्यात.
ही तिसरी महाग हाय ती वरच्या लेपापायी."

लेप मला समजावून सांगावा लागला नाही.
लग्नानंतर आईनं पाठवलेलं काही
माझ्यापर्यंत पोचायचं नाही.
लाडवांचा डबा तीन हातांतून फिरायचा,
माझ्याकडे यायचा तो डबाच.
मग एकदा तिनं गोधडी पाठवली,
आणि फोनवर म्हणाली,
तिसरी ओळ उसव.
दोन नोटा होत्या आत, चपट्या, कोरड्या.

मी दोन्हींचे चिमूटभर नमुने मागून आणले,
बैलाची आणि तिसरी.
रात्री दोन पेल्यांत पाणी, खिडकीत.
सकाळी बैलाच्या पेल्यात नुसता चहा झालेला,
दुसऱ्यात दाणे तसेच, मोहरीएवढे, तळाशी.
इरण्णाला फोन केला.
तो म्हणाला, "पेला म्हंजे पोट न्हवं, वैनी.
पाण्यात टिकलं म्हंजे पुढं जाऊन सुटंल, आसं न्हाई.
दगडबी टिकतोय पाण्यात.
कंपनीचा कागद आलाय, वाचून बघा."
वाचला. अर्धा कळला.
तिसरीचीच पिशवी आणली.

एकवीस दिवस आधीपासून, रोज साठ ग्रॅम,
पेंडीत वरून कालवून.
पिशवी पत्र्याखाली ठेवली होती,
चव्वेचाळीस डिग्रीला तिचा ढेकूळ होऊ लागला,
तशी उचलून माजघरात ज्वारीच्या कणगीमागे नेली.
सातव्या दिवशी खलबत्त्याचा आवाज आला.
मामंजी बसलेले, मांडीत बत्ता,
दाण्यांचं पीठ करत.
"जड जनावर हाय, दात झिजल्यात,
म्हटलं जरा बारीक करावं."
इतक्या मायेनं कुणी माझं काही कुटलं नव्हतं.
मी पीठ वासराच्या थाळीत ओतलं
आणि त्यांना म्हटलं, उद्यापासून तुम्हीच घाला,
फक्त बत्ता माझ्याकडे द्या.
त्यांनी दिला. मग विचारलं,
"ताकद कुठाय पण त्यात? दिसत तर न्हाई."

अमावास्येच्या आदल्या रात्री व्याली. कालवड.
वार वेळेत पडली.
नववा दिवस आला तेव्हा मला पहाटेच जाग आली.
औषधानं झालं म्हणावं,
तर यंदा हिरवा मकाही होता,
आणि आटवताना तिला मी अंगानं फार सुटू दिलं नव्हतं,
आणि नशीब असतंच काहीतरी.
इरण्णा विचारेल तर काय सांगू,
हे ठरवत अंधारात गोठ्यात गेले.
तिच्या नाकपुड्यांपाशी तोंड नेलं.
ती फुरफुरली, माझ्या गालावर ओलं उडालं.

कडब्याचा वास.
नुसता कडब्याचा.
मी पुन्हा एकदा हुंगून पाहिलं.