टाके

रक्त आम्ही घरीच करायचो.
काकवी, खायचा लाल रंग, वर चमचाभर कोको,
नाहीतर कॅमेऱ्यात ते सरबत दिसतं.
मेलेल्यांना मुंग्या लागायच्या.
दोन शॉटच्या मधे प्रेतं उठून अंग खाजवायची.

मनिलात तेव्हा कॅसेटवरचे भयपट
अकरा दिवसांत उरकायचे.
गोष्ट एकच: बेटावर परदेशी डॉक्टर,
त्याला मरण नाहीसं करायचं असतं,
आणि मरण नाहीसं करायला
आधी दहाबारा माणसं लागतात.
ती गावातून आणायची. गाव जवळच असायचं.

आमचं इस्पितळ म्हणजे मालाबोनचा
बंद पडलेला बर्फाचा कारखाना.
भिंतींना चुना, तरी मासळीचा वास जाईना.
ऑपरेशनच्या टेबलाचा एक पाय विटांचा.
ठिणग्या उडवणारं ते भयंकर यंत्र:
तीन मुके रेडिओ, ज्यूकबॉक्सचे दिवे,
आणि निर्मात्याच्या सासूचा केस वाळवायचा टोप.
डॉक्टर झालेले गृहस्थ मूळचे टेक्सासचे,
बोअरवेलचे पंप विकायला आले ते राहिलेच.
संवाद पाठ होईनात,
म्हणून तोंडाला पट्टी बांधून घेत.
आवाज नंतर दुसऱ्याचा.

राक्षस होता पर्फेक्तो.
उंच, हडकुळा. आधी बंदरावर हमाल,
आता ओझं उचलत नव्हता.
का, ते मी विचारलं नाही.
पहाटे चारला त्याच्या चेहऱ्यावर
जिलेटीन आणि तांदळाचं पीठ थापायची मी,
तो डोळे मिटून पाव खायचा,
चावला की गाल खाली यायचा.
"हळू रे, तोंड अजून ओलं आहे."

सातव्या दिवशी शर्ट काढायचा सीन.
डॉक्टरने त्याच्या आतलं काहीतरी काढून घेतलंय,
काय, ते लेखकाने ठरवलं नव्हतं.
पर्फेक्तोने शर्ट काढला.
डाव्या कुशीतून पाठीकडे, वीतभर,
गोगलगाय चालून गेल्यासारखी चकाकती रेघ,
दोन्ही अंगांना ठिपके, वेडेवाकडे, घाईचे.
ब्रश माझ्या हातात कोरडाच.
दिग्दर्शक वाकला, चष्मा वर केला.
"खोटं वाटतंय," म्हणाला,
"असे टाके कोण घालतं? मोठं कर."

पर्फेक्तो भिंतीकडे बघत होता.
"कर ताई. त्यांनी बोटभर सांगितलं,
वीतभर कापलं. तू हातभर कर."

हातभर केली.
बुटाची काळी नाडी, डिंक, काकवी.
खऱ्या रेघेवर खोटी चढवताना
बोटाखाली एक जागा लागली,
कुणी पहाटेच उठून गेल्यावर
गादीत राहतो तसा खळगा.
तो हसला. गुदगुल्या होतात म्हणाला.

डॉक्टर मेले. गोष्टीत ते मरतातच,
शेवटच्या दहा मिनिटांत, आपल्याच यंत्रात.
पंपवाले उठले, काकवी पुसली,
आमच्या चौपट पैसे दोनदा मोजून घेतले.
कोपऱ्यात पर्फेक्तो चेहरा सोलत होता.
"किती मिळाले होते तुला?"
"एक तीनचाकी. जुनीच.
पावसाळ्यापर्यंत चालली."

पुढे इलोइलोला नणंदेकडे ती कॅसेट लागली.
पोरं उशा कवटाळून ओरडत होती.
त्या सीनला मात्र हसली:
"रबर आहे! नाडी दिसतेय बघ!"
मी रिमोट मागितला. चित्र थांबवलं.
पडदा थरथरत होता,
आणि माझ्या नाडीच्या खालून, पाठीच्या कडेला,
बोटभर जागा तशीच उघडी.
झाकायची राहिली, का मीच ठेवली,
आता आठवत नाही.

कितीतरी वेळ बघत बसले.
पोरं म्हणाली, पुढे ने ना.