काडतुसांचा हिशोब

काकाच्या तेराव्यापर्यंत बंदूक पलंगाखालीच होती.
चौदाव्या दिवशी चादरीत गुंडाळून
रिक्षाने रबाळे पोलीस ठाण्यात नेली.
रिक्षावाल्याने विचारलं, तंबोरा का?
मी हो म्हणाले.
मेलेल्या माणसाच्या परवान्यावरची बंदूक
घरात ठेवली तर गुन्हा, हे वकिलाने सांगितलं होतं.
तंबोऱ्याचं काही सांगितलं नव्हतं.

हवालदार धुमाळांनी चादर सोडली.
बारा बोर, दुनळी, डाव्या घोड्याला गंज.
खोबरेल तेलाचं बोट फिरवून नंबर वाचला,
चार, चार, एक, पुढचा सात की एक?
सात, मी म्हणाले.
काका हाच नंबर मटक्याला लावायचा,
हे म्हणाले नाही.

पावती मिळाली. बंदूक एक, तुटका पट्टा एक,
लिमलेटच्या डब्यात काडतुसे पाच.

मग कागद. मृत्यूचा दाखला, वारसाचा दाखला,
पाचशेच्या मुद्रांकावर भावांची ना हरकत.
रोहिदासने उभ्या उभ्या सही केली,
भंगार आहे गं, देऊन टाक.
जनार्दन कोपरखैरण्याहून तीनदा येतो म्हणाला, आला नाही.
चौथ्यांदा आला, पेनाचं टोपण काढून थांबला,
हिच्या बदल्यात प्लॉटमधला हिस्सा सोडतेस?
म्हटलं, बंदूक पोलिसांकडे जमा आहे, नशीब समज.
त्याला हसू आलं. त्या हसण्यातच सही झाली.

बेलापूरला आयुक्तालयात खिडकीपलीकडच्या बाईंनी
जुनं परवाना पुस्तक उघडलं.
काथोड धर्मा मढवी, राहणार घणसोली.
उद्देश: पीक संरक्षण.
नूतनीकरण, शिक्का, शिक्क्यावर शिक्का.
पीक जाऊन चाळीस वर्षं झाली
तरी पीक संरक्षण.
शेत कुठे आहे?
महाप्याच्या डोंगराखाली, मी म्हणाले,
आता तिथे बिनखिडक्यांची इमारत आहे,
आत थंडी करून लोकांचे फोटो साठवतात.
मग डुकरं येत नसतील.
येतात की. कॅन्टीनच्या मागे.

शेवटच्या पानावर काडतुसांचा हिशोब होता.
घेतली पंचवीस, वापरली एकोणीस,
शिल्लक सहा.
पावतीत पाच.
एक कुठे गेलं?

भात निसवलं होतं. मी नऊ वर्षांची,
माळ्यावर काकाच्या मांडीला टेकून जागी.
नोटीस त्याच्या बंडीच्या खिशात,
घामाने मऊ, फडक्यासारखी झालेली.
खाली भातात खसफस झाली.
काकाने दस्ता माझ्याकडे वळवला.
तू मार, म्हणाला. औंदा कोनाचं भात नि कोनाचा डुक्कर.
मी डोळे मिटून चाप ओढला.
शेतात काही पडलं नाही.
डोंगराने आवाज तेवढा परत दिला.
आठवडाभर खांदा निळा होता.
काकीने आंबेहळद लावली नि आईला सांगितलं,
पोर माळ्यावरून पडली.

दमट झालं असेल, टाकून दिलं असेल, मी म्हणाले.
बाईंनी लिहिलं, वारसास माहिती नाही.

नव्या अर्जात दोन रकाने राहिले होते.
शस्त्र हाताळण्याचा पूर्वानुभव. नाही.
उद्देश.
आत्मसंरक्षण लिहा, बाई म्हणाल्या, सगळे तेच लिहितात.
माझ्या हाताने आधी पीक लिहिलं.
खोडलं. खोडाखोडीवर सही लागते, ती केली.

प्रशिक्षणाला गेले तेव्हा रांगेत
सगळ्यात वयस्क मीच.
शिकवणारा पोरगा नम्र होता.
पहिलीच वेळ ना मावशी?
दस्ता खांद्यात घट्ट रोवायचा, नाहीतर लागतं.
इथे, म्हणाला, आणि बोटाने जागा दाखवली.

दोन बोटं चुकला.