अर्धा तास

बसा, अर्धा तास बसा, म्हणते मी,
आणि दर बुधवारी कुणी ना कुणी उठतंच.
अंगणवाडीच्या पडवीत निळा डबा, बर्फाच्या चार पट्ट्या,
कुपीवर पेनानं लिहिलेली वेळ, दहा वाजून पाच.
चार तासांनी उरलेलं फेकायचं, कितीही जीव तुटो.
कापूस पिकवणाऱ्या या गावात
कापसाचे बोळे मी मोजून वापरते.

प्रणाली गेडामच्या अंगणात मोहफुलं वाळत होती.
"शेळ्या खातीन व सिस्टर," म्हणत
ती सतराव्या मिनिटाला निघाली.
कडेवर तेजू, नऊ महिन्यांची, रडून दमलेली.

सतराव्या मिनिटाला काही झालं नाही.
तिसाव्यालाही नाही.
झालं ते आठव्या दिवशी, रात्री.
ताप चढला, डोळे वर गेले,
आवळलेली मूठ दोन मिनिटं सुटली नाही.

मला कुणी सांगितलं नाही.
हापशीवर बेबीताईंच्या कानावर आलं
आणि त्या भरली बादली तिथंच ठेवून
ओल्या पदरानं माझ्याकडे आल्या.

पोर तर आता खेळतंय.
कुणाची तक्रार नाही.
माझ्यापुढं कोरा फॉर्म, आणि पंख्याखाली
फडफडू नये म्हणून त्यावर ठेवलेली कात्री.

प्रणालीला विचारलं, सांगितलं का नाहीस?
"तुमची नवकरी गेली असती तं?
रातीबेराती तुमीच येता आमाले."
तिनं मला वाचवलं होतं.
मी फॉर्म भरला.

लस कधी दिली, कोणत्या बॅचची, त्रास कधी सुरू झाला.
कशानं झालं, हे तो कागद मला विचारत नाही.
फक्त काय झालं.
तेवढं लिहायलाही हात जड होतो.

मग जिल्ह्याची गाडी आली.
फ्रिजची वही उघडली, रोज दोनदा लिहिलेले आकडे.
चौदा तारखेला लाइट गेली होती, काटा सातवर.
तेही मीच लिहिलेलं.
त्याच कुपीतली आणखी चार लेकरं शोधली.
तीन गावात. चौथं आईबापासोबत
तेलंगणात, मिरची तोडायला.
त्याच्या आईनं फोन त्याच्या तोंडापुढं धरला
आणि सायबांनी त्याचे दोन दात पाहिले.

लस मंजूर झाली तेव्हा तिनं हजारो लेकरं पाहिली असतील.
पण लाखातलं एखादं
सायखेडीत राहतं, हापशीच्या मागच्या गल्लीत,
आणि त्याची आई सांगत नाही.

सात महिन्यांनी कागद आला.
तापाचा झटका. लशीनंतर क्वचित येतो, ठाऊक असलेला,
मागं काही ठेवत नाही.
तेजूचं नाव नव्हतं त्यात, एक नंबर होता.
मी तो प्रणालीला वाचून दाखवला, दोनदा.
तिनं विचारलं, "मंग दुसरा डोस कवा?"

त्या बुधवारी ती डबा घेऊन आली.
अर्धा तास झाला. म्हटलं, जा आता.
"बसते न. शेळ्या इकल्या औंदा."
उन्हं पडवीत शिरली तरी ती बसून होती.

आठव्या दिवशी मीच गेले.
तेजू उंबऱ्यात बसून माती खात होती.
ताप नाही, झटका नाही, लिहिलं.
मातीला रकाना नाही.