परवलीचा शब्द

एकतीस वर्षं मी मुलांना सांगत आले,
मोठ्यानं बोला, शेवटच्या बाकापर्यंत गेलं पाहिजे.
उत्तर म्हणजे काही चोरीचा माल नाही
मुठीत दाबून ठेवायला.

आणि जानेवारीत, कोळशाच्या ट्रकमधून
आमच्या चोंग-बुलाकला बारा संगणक आले.
सोबत नारीन शहरातला एक पोरगेला प्रशिक्षक,
पायांत पातळ बूट, नाक लाल.
आम्हा सात शिक्षकांना त्यानं मुलांच्या खुर्च्यांवर बसवलं,
गुडघे हनुवटीला, आणि म्हणाला,
आधी परवलीचा शब्द ठरवा.
आठाहून जास्त अक्षरं, मधे एखादा आकडा.
आणि कुणाला सांगू नका. नवऱ्यालासुद्धा.

कळफलकावर आमच्या भाषेची तीन अक्षरं नव्हतीच.
दुसऱ्या दिवशी सहावीतल्या आयझिरेकनं
कागदाचे कपटे कापून खळीनं चिकटवले.
सबंध हिवाळाभर ती मॉस्कोत आईला निरोप लिहिते,
कुठलं अक्षर कुठे दडी मारतं, तिला ठाऊक.

मी घोडीचं नाव टाकलं, काराकाश्का,
आणि ती गेली ते साल.
"एजेके," मागून आयझिरेक म्हणाली,
"हे तर अख्ख्या गावाला माहीत आहे."

खरंच होतं. तिला बर्फातून ओढून काढायला
अख्खा गाव दोर घेऊन आला होता.
मुलाचं नाव? पाळण्याच्या जेवणाला सगळे होते.
लग्नाची तारीख? त्या दिवशी पूल वाहून गेला,
कोण विसरेल.
आमच्याकडे कुणाची चूल किती वाजता पेटली
ते धुरावरून कळतं.
अशा गावात गुपित आणायचं कुठून?

रात्री शेगडीत गोवऱ्या सारत बसले होते
आणि आठवलं.

त्र्याण्णवचा हिवाळा. पगाराऐवजी पीठ,
तेही दोन महिने उशिरा.
वर्गात शाई गोठायची,
मुलं स्वतःच्याच काखेत बोटं घालून पाढे म्हणायची.
एका सकाळी, ती यायच्या आत,
मी भिंतीवरचा मोठा नकाशा उतरवला,
जो देश आता उरलाच नव्हता त्याचा,
कापडावर चिकटवलेला, दोन माणसांना धरावा लागे असा,
आणि दुमडून दुमडून शेगडीत कोंबला.
समुद्र आधी पेटले. मग रेल्वेचे रूळ.
तासभर पुरला. त्या दिवशीचे पाढे
कुणी न अडखळता म्हटले.
सामानाच्या वहीत मी लिहिलं:
नकाशा उंदरांनी खाल्ला.
खाली सही माझीच.

तेच आता रोज सकाळी लिहिते.
पडद्यावर दिसतात नुसते काळे ठिपके,
ओळीनं, उंदराच्या लेंड्यांसारखे,
इतक्या वर्षांनी सापडलेला पुरावा जणू.
मग हाताखालचा माऊस जरासा सरकवला
की नकाशा उघडतो.
बोटानं ओढावं तितका जवळ येतो, सगळ्या नद्यांसकट,
आणि वर्ग तसाच गार.

आयझिरेकनं नियम केलाय:
"एजेके लिहितायत, तोंडं फिरवा."
एकोणीस मुलं खिडकीकडे, डोंगराकडे वळतात.
आणि मी, जिनं जन्मभर "इकडे लक्ष द्या" म्हटलं,
त्या एकोणीस मानांकडे बघत
एकेक कळ दाबते.

काल पहिल्या बाकावरचा नुरझिगित
भिंतीकडे तोंड करून, कान टवकारून उभा होता.
"तेरा," तो म्हणाला. "तेरा वेळा टक् झालं."
आयझिरेक त्याच्यावर खेकसली.
मी कशी रागावणार,
मोजायला त्याला मीच शिकवलंय.

आज शब्दाला आणखी थोडी शेपटी जोडली.
केवढी, ते काही सांगत नाही.