बेतणं

ग्रासिएतची आई शिंपीण होती.
म्हणायची, आधी मोठे तुकडे बेत,
मग अस्तर, मग खिसे.
उलटं केलंस तर कापड पुरत नाही.

लिमा नदीच्या मुखाशी, दगडी इस्पितळाच्या तळमजल्यावर
ग्रासिएत आठवडा बेतते.
हातात कात्री नाही, खोडरबर आहे.
तिच्याआधी इथे एकच रीत होती,
ज्याचा फोन आधी, त्याचा वार आधी.

आदेलिनो, वय चौऱ्याहत्तर, पाथरवट, डावा खुबा.
गुरुवार.
डॉक्टर तेलेश खुबे गुरुवारीच करतात,
का, ते आता त्यांनाही आठवत नाही.

फोनवर त्यानं विचारलं नाही, दुखेल का.
विचारलं, "रात्री किती?"
घरी इरोंदिना आहे. अंधार पडला की दार उघडून बसते,
बुडालेला भाऊ जेवायला यायचाय म्हणते.
शेजारीण तीन रात्री झोपायला येईल. चौथी नाही.

ग्रासिएतनं बोटांवर मोजलं.
गुरुवारी ऑपरेशन, शुक्रवारी जेमतेम उभा,
मग शनिवार आडवा येतो,
पाठोपाठ रविवार.
चालायला शिकवणारी मुलगी दोन दिवस सुट्टीवर,
जिन्याच्या पायऱ्या सोमवारपर्यंत बंद,
आणि बरा होत आलेला माणूस
नुसता छताकडे बघत आडवा.
पाच रात्री.

सोमवारी केलं तर तीन.

सोमवारी सकाळी देओलिंदा होती, पित्ताशयातले खडे.
कुठल्याही वारी करा, दुसऱ्या दिवशी घरी.
खिशाचा तुकडा.
जिवावर बेतलेलं नाही ना, हे डॉक्टरांना दोनदा विचारून
ग्रासिएतनं नंबर फिरवला.
"गुरुवार? आणि शुक्रवारचा बाजार?
माझे मक्याचे पाव तुम्ही विकणार?"
ग्रासिएत गप्प.
"पुढचा मंगळवार द्या मग," देओलिंदा म्हणाली,
आणि ठेवण्याआधी एक छोटा श्वास घेतला,
ओझं उचलताना घेतात तसा.

तेलेश दोन दिवस बोलले नाहीत तिच्याशी.
सोमवारी हात धुऊन वेळेवर उभे होते.

गुरुवारी दुपारी अकरा नंबरची खाट रिकामी झाली.
संध्याकाळी तिच्यावर दुसरंच कोणी होतं,
ओल्या फरशीवर घसरलेलं, कुठल्याच तक्त्यात नसलेलं.
आदेलिनोला ग्रासिएतनं पाहिलं नाही.
ती कोणालाच पाहत नाही, तिला फक्त नावं येतात.

शुक्रवारी बाजारात ती पावाच्या रांगेत.
"आवाज ओळखीचा वाटतो," बाई म्हणाली,
एका हातानं पाव कागदात गुंडाळत.
दुसरा हात उजव्या बरगडीखाली
दाबून धरलेला.

ग्रासिएतनं सुटे पैसे मोजून दिले.
मंगळवारला अजून चार रात्री होत्या.